सेकंड-हँड सप्लाय बोट घ्यायची आहे: कमाई बोलार्ड पुलवर ठरते, डीपीवर की डेकवर?

बेलापूरची_लेखापाल

नमस्कार मंडळी. मी बेलापूरला एका लहान जहाजमालकाकडे नोकरी करते. मूळची अकाउंट्सची, गेली चार वर्षं चार्टरिंग, म्हणजे बोटी भाड्याने देण्याचं काम, बघते. आमच्या तीन बोटी बॉम्बे हायवर, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रात, चालतात आणि आता मालकांना चौथी घ्यायची आहे. दोन जहाजं समोर आहेत.

पहिलं एएचटीएस, म्हणजे टग आणि सप्लाय बोट एकातच. २०१० चं, इंजिनाची ताकद ५१५० बीएचपी, बोलार्ड पुल (ओढण्याची ताकद) ६४ टन, डीपी-१ (डीपी म्हणजे संगणकाने जहाज एका जागी धरायची सोय), फायफाय-१ (आग विझवायची सोय). दुसरं पीएसव्ही, निव्वळ सामान वाहणारं. २०१३ चं, डेडवेट (वजन वाहण्याची क्षमता) ३३०० टन, मोकळा डेक ७०० चौरस मीटर, डीपी-२, डिझेल-इलेक्ट्रिक (डिझेल जनरेटरच्या विजेवर पंखे फिरवणारं). दुसऱ्याची किंमत बरीच जास्त आहे.

मालक म्हणाले, "कमाई कुठलं जास्त करील ते आकड्यांत सांग." मी आमच्याच सात वर्षांच्या फायली काढून एक्सेल केलं. वाटलं होतं, दहा टन पुल वाढला की डे रेट (दिवसाचं भाडं) इतका वाढतो असं काहीतरी सूत्र हाती लागेल. झालं उलटंच. आमची ८० टनांची बोट वर्षअखेर ६० टनवालीपेक्षा कमी पैसे आणते, आणि ती ६० टनवाली वयाने पाच वर्षं मोठी आहे. माझं काही चुकतंय का? जहाजावर नोकरी केलेल्यांनी कृपया सांगावं. सोमवारी उत्तर द्यायचं आहे.

पालशेतचा_चीफ

ताई, तुमचं एक्सेल चुकलेलं नाही. त्यात फक्त एक रकाना घाला, बोट वर्षातले किती दिवस हायरवर, म्हणजे भाड्याने लागलेली, होती त्याचा. डे रेट हा नुसता भाव झाला. दहा हजार डॉलरने २०० दिवस चाललेली बोट वीस लाख आणते आणि सात हजाराने ३४० दिवस चाललेली जवळपास चोवीस लाख. मी २६ वर्षं इंजिन रूममध्ये काढली, त्यातली १७ बॉम्बे हायवर. माझं मत असं झालंय की जहाजाचा कुठलाही गुण भाव वाढवायला थोडा आणि दिवस वाढवायला फार कामी येतो.

याचं कारण आपल्या टेंडरची पद्धत. आधी अटींची यादी येते. पुल इतका हवा, डेक इतका हवा, डीपी अमुक, वय अमुकच्या आत. त्यात बसलात की पुढे फक्त दर बघतात आणि सर्वांत कमी दरवाला काम घेऊन जातो. उंबरठा ओलांडला की घरात सगळे सारखे. साठ टन मागितले असतील तर तुमच्या ऐंशीतले वरचे वीस फुकट गेले. त्यांचे पैसे कोणी देत नाही, पण त्यांच्यापायी तुम्ही मोठी इंजिनं घेतलेली असतात, स्पेअर महाग पडतात, ड्राय डॉकचं बिल वाढतं, बँकेचा हप्ता वाढतो. आणि साठ मागितलेले असताना तुमच्याकडे एकोणसाठ निघाले तर तुमच्या दराचा लिफाफाच उघडत नाहीत.

ही दुसरी गोष्ट मी भोगलेली आहे. २०११ साली मी एका एएचटीएसवर चीफ होतो. कंपनीचं नाव नको. सर्टिफिकेटवर ६२ टन होते, पण बोट नवी असतानाचे. चार्टररने (बोट भाड्याने घेणाऱ्या कंपनीने) ताजी टेस्ट मागितली, साठाची अट होती. ऑफिसला घाई झालेली, त्यांनी जवळच्याच धक्क्यावर टेस्ट लावली. बोलार्ड पुलची टेस्ट तशी साधी असते. बोटीची वायर किनाऱ्यावरच्या बोलार्डला बांधायची, मध्ये लोड सेल लावायचा, दोन्ही इंजिनं पूर्ण रेटायची आणि काही मिनिटं जो आकडा टिकून राहतो तो धरायचा. मध्येच एखादा झटका बसून वर गेलेला आकडा धरत नाहीत. मी कंट्रोल रूममध्ये एक्झॉस्टची तापमानं बघत उभा होतो. सेकंड इंजिनिअर वॉकीटॉकीवर आकडे सांगत होता. छप्पन. सत्तावन. परत छप्पन. पोर्ट इंजिनाच्या चार नंबर युनिटचा काटा बाकीच्यांपेक्षा साठ अंश वर चढलेला, म्हणजे इंजेक्टर गळत होता. डेकवर कोणी बोलत नव्हतं. सर्व्हेअरने ५६.४ लिहिलं आणि सही केली.

निम्मा दोष आमचा होता. इंजेक्टर तर होताच, शिवाय पंख्याभोवतीच्या नोझलमध्ये शंख-शिंपल्यांचा थर धरला होता आणि पंख्याच्या पात्यांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या. निम्मा दोष जागेचा. धक्क्याशी पाणी उथळ आणि वायर आखूड, त्यामुळे पंख्याने मागे फेकलेलं पाणी भिंतीवर आपटून परत पंख्यातच येत होतं. अशा टेस्टला वीसेक मीटर खोली आणि तीनशे मीटरच्या आसपास वायर लागते. दोन महिन्यांनी डॉक करून बाहेर पडलो, नीट जागी टेस्ट केली, ६१.२ आले. तोवर काम दुसऱ्या बोटीला गेलेलं. आम्ही अख्खा पावसाळा मुंबईच्या अँकरेजवर काढला, भाजीसुद्धा मोजून यायची. नारळी पौर्णिमेला मच्छीमारांचे ट्रॉलर आमच्या बाजूने समुद्रात निघाले आणि आम्ही तिथेच. जहाज तेच, माणसं तीच. पाच टनांनी एक मोसम खाल्ला.

म्हणून तुमच्या पहिल्या बोटीचे ६४ टन ब्रोकरच्या कागदावरून उचलू नका. टेस्ट केव्हा झाली, कुठे झाली, आणि आकडा सलग टिकलेला आहे की कमाल, हे विचारा. साठाच्या अटीवर चौसष्ट म्हणजे फक्त चार टनांची ऐस आहे, आणि पंधरा वर्षांच्या बोटीत चार टन कधी गेले ते कळतही नाही.

आता डीपी. नांगर न टाकता संगणक थ्रस्टर चालवून जहाज एका जागी धरून ठेवतो, ते डीपी. डीपी-१ मध्ये एखादी गोष्ट बिघडली की जागा सुटू शकते. डीपी-२ मध्ये कुठलाही एक जनरेटर, एक थ्रस्टर, एक स्विचबोर्ड गेला तरी जहाजाने जागा सोडता कामा नये. प्लॅटफॉर्मभोवतीच्या ५०० मीटरच्या आत हा फरक फार मोठा असतो. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थवर काय झालं ते आपल्यातले कोणीच विसरलेले नाहीत. जखमी माणसाला वर पोचवायला आलेलं जहाज रायझरला (समुद्रतळातून वर येणाऱ्या पाइपला) लागलं, गॅस सुटला आणि अख्खा प्लॅटफॉर्म जळून गेला. २२ माणसं गेली. समुद्र खवळलेला होता, भर पावसाळा होता. त्या वर्षी हायवर असलेल्या प्रत्येकाला अजून तो धूर आठवतो.

डीपी-१ ची बोट पुढे डीपी-२ करून घेऊ, असं ब्रोकर सहज म्हणून जातात. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्विचबोर्ड विभागायचा, केबली वेगवेगळ्या वाटेने न्यायच्या, जायरो (दिशा दाखवणारी यंत्रं) तीन, जागा मोजणारी साधनं तीन, जनरेटर वाढवायचे, एकेक वस्तू बंद पडली तर काय होईल याचा पूर्ण अभ्यास क्लासकडून (जहाजाला सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून) मंजूर करून घ्यायचा. जुन्या बोटीत हे परवडत नाही. गेलेला पुल डॉकमध्ये बराचसा परत मिळतो, डीपीचा वर्ग जहाज बांधलं तेव्हाच ठरलेला असतो.

डोंबिवली_ते_अबर्डीन

चीफसाहेब, बॉम्बे हायपुरतं तुमचं सोळा आणे पटतं. मी काम करतो त्या नॉर्थ सीमध्ये, स्कॉटलंडकडे, मात्र उंबरठ्याच्या वरचे टनही विकले जातात. रोज नाही, ठरावीक दिवशीच.

इथे स्पॉट मार्केट चालतं. एखादी रिग हलवायची म्हणून चार-पाच दिवसांसाठी जहाज घेतात. बॉम्बे हायवर पाणी ऐंशी मीटरच्या आसपास, रिग बहुतेक जॅक-अप, स्वतःच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या. त्यांना ओढून नेलं की झालं. इथल्या तरंगत्या सेमी-सबमर्सिबलला आठ-आठ, बारा-बारा नांगर, प्रत्येकाला शेकडो मीटर साखळी, आणि खाली पाणी कधी हजार मीटर. तिथे साठ टनांच्या बोटीला कोणी फोनही करत नाही. वादळ संपून दोन-तीन रिग एकाच आठवड्यात हलायला निघाल्या की मोठ्या एएचटीएसचा दर दिवसाला एक लाख पौंडांच्या वर गेलेला आहे. पुढच्या पंधरवड्यात त्याच बोटी खलाशांचा पगारही निघणार नाही अशा भावात अबर्डीनच्या धक्क्याला उभ्या. म्हणून इथे पुलची चढाओढ लागली. आयलंड व्हिक्टरीने २०२० मध्ये ४७७ टनांची नोंद केली.

पण पुल म्हणजे सगळं नाही, हे इथे आठ जीव देऊन शिकलेत. १२ एप्रिल २००७ ला शेटलंडच्या पश्चिमेला बुर्बाँ डॉल्फिन ही एएचटीएस नांगर हाताळताना उलटली. आदल्याच वर्षी बांधलेलं नवं जहाज. १५ जण होते, ८ गेले, त्यातला एक चौदा वर्षांचा मुलगा. साखळीचं वजन बाजूने आलं आणि जहाजाची स्टॅबिलिटी तेवढी नव्हती. त्यानंतर मी जॉइन केलेल्या प्रत्येक बोटीवर पहिला प्रश्न विचारतो, विंचवर किती वजन आलं की हात थांबवायचा, तो आकडा ब्रिजवर लावलाय का. ताई, चार्टरर हुशार असेल तर तोही हेच विचारतो.

आणखी एक, तुमचा मालक भाव चढलेले बघून घाई करत असेल तर २०१४ आठवून द्या. जूनमध्ये ब्रेंट कच्चं तेल ११५ डॉलरला होतं, जानेवारी २०१६ मध्ये तिशीच्या खाली. शेकडो सप्लाय बोटी कामाविना धक्क्याला बांधून पडल्या. मे २०१७ मध्ये टाइडवॉटरसारखी जगातली मोठी कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. जून २०१६ मध्ये मालवीय सेव्हन ही आपल्याकडची सप्लाय बोट पगार थकल्यामुळे अबर्डीनला अडकवली गेली. भारतीय खलाशी महिनोन्‌महिने इथल्या धक्क्यावर बसून होते, शेवटी कोर्टाकडून जहाज विकायची वेळ आली. अशा काळात सगळ्यात आधी कोण असं धक्क्याला बांधलं जातं? जुनं, डीपी-१, जास्त डिझेल खाणारं. चांगल्या काळात हे तिन्ही दोष खपून जातात.

न्हावा_बेस_उरण

मी अठरा वर्षं न्हावा बेसवर लोडिंग बघतोय. पुल आणि डीपीवर दोघांनीही भरपूर सांगितलं, पण ताई, दिवस खरे जातात ते टँकमध्ये.

सप्लाय बोट धक्क्याला लागली की डेकवर केसिंग पाइप, कंटेनर चढवणं हे दिसणारं काम. खाली सिमेंट, मड (ड्रिलिंगचा चिखल), बराईट (तो जड करायची पूड), ब्राइन (खारं पाणी), ड्रिल वॉटर, पिण्याचं पाणी, डिझेल, सगळं वेगवेगळ्या टँकांत. मड नेणाऱ्या टँकात ढवळणारा पंखा नसला की परतीच्या वाटेवर बराईट खाली बसतं. मग मॅनहोल उघडून माणसं आत उतरवायची, फावड्याने खरवडायचं, बादल्यांनी वर काढायचं. मी एका बोटीला यात दोन दिवस धक्का अडवताना बघितलंय. शेजारची बोट, टँकात ढवळण्याची आणि धुण्याची सोय असलेली, संध्याकाळी आली आणि सकाळी भरून गेली. दर दोघींचा जवळजवळ सारखाच होता. पुढच्या वेळी आमच्या लोकांनी कुठली मागितली असेल ते सांगायला नको.

पंपाचा वेगही बघा. समुद्रावर क्रेनने होज खाली सोडली की बोट प्लॅटफॉर्मला चिकटून राहते, तोवर सगळ्यांचा जीव टांगणीला. ताशी शंभर घनमीटर देणारी बोट पाच तास थांबते, अडीचशे देणारी दोनच. पावसाळ्यात हवा दोन तास बरी मिळते, पाच तास नाही. शिवाय एएचटीएसचा मागचा डेक रोलरसाठी (वायर-साखळी ज्यावरून सरकते त्यासाठी) खाली घेतलेला असतो, लाट सरळ आत येते. जूनमध्ये त्या डेकवर उभं राहून स्लिंग सोडवणारी पोरं आमच्याच गावची आहेत, म्हणून हे लिहितोय.

बेलापूरची_लेखापाल

काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. रकाना घातला. ८० टनांची बोट सात वर्षांत सरासरी २३१ दिवस हायरवर, ६० टनवाली ३२२. उत्तर माझ्याच फायलीत होतं.

एक शंका राहिली. चार्टर चालू असताना डिझेल तर चार्टररचं असतं. मग बोट कमी डिझेल खाते याचा मालकाला काय फायदा? आमचे मालक म्हणतात, डिझेल-इलेक्ट्रिकचे जादा पैसे आपण का द्यायचे?

पालशेतचा_चीफ

मालकांचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर टेंडरच्या कागदात आहे. नुसता दर बघणारं टेंडर असेल तर वाचलेलं डिझेल चार्टररच्या खिशात जातं, तुम्हाला काही नाही. पण जिथे दरात इंधनाचा खर्च मिळवून तुलना करतात तिथे चित्र फिरतं. समजा तुमची बोट दिवसाला तीन टन कमी खाते आणि डिझेल सातशे डॉलर टन आहे. म्हणजे दिवसाला २१०० डॉलर. तेवढा तुमचा दर शेजाऱ्यापेक्षा जास्त असला तरी चार्टररला दोघं सारखेच. नॉर्वेत हे फार आधी ओळखलं, २००३ मध्येच वायकिंग एनर्जी ही एलएनजीवर (द्रवरूप गॅसवर) चालणारी सप्लाय बोट तिकडच्या सरकारी तेल कंपनीच्या कामावर लागली, पुढे त्याच बोटीवर बॅटऱ्याही बसवल्या. शिवाय दोन कामांच्या मधलं डिझेल तुमचंच असतं आणि ऑफ-हायरमधलंही, म्हणजे बिघाडामुळे भाडं बंद असतानाचं. करारात लिहून दिलेल्या खपापेक्षा जास्त जाळलंत तर चार्टरर वसूल करतो, तेही तुमच्याकडूनच.

मात्र डिझेल-इलेक्ट्रिक नाव वाचून भुलू नका. चार जनरेटरची बोट नीट चालवली तरच कमी खाते. डीपीवर असताना भीतीपोटी चारही चालू ठेवले की प्रत्येकावर वीस-पंचवीस टक्के लोड. अशा लोडवर डिझेल पूर्ण जळत नाही, टर्बोचार्जर काजळीने भरतो, एक्झॉस्टच्या पाइपातून काळं तेल ठिबकतं. अशी तीन वर्षं चाललेली बोट मी ताब्यात घेतली होती. पहिल्याच महिन्यात दोन टर्बो उघडावे लागले आणि दोन्ही वेळा ऑफ-हायर.

मला विचाराल तर मी दुसरं जहाज घेईन. डीपी-२ आहे, डेक आहे, आणि उद्या पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरीच्या खोल पाण्यात काम निघालं तर अटीत बसेल. पहिल्याच्या बाजूनेही एक सांगतो, ते टोइंग करील, रिग मूव्हला जाईल, स्टँडबायला राहील, आग विझवायला धावेल, अशा चार प्रकारच्या टेंडरांत शिरेल. पीएसव्ही टो घेत नाही. पण २०१० चं जहाज म्हणजे पंधरा वर्षांचा स्पेशल सर्व्हे, क्लासची मोठी तपासणी. तो झालाय का, झाला असेल तर पत्रे किती बदलले, नसेल झाला तर त्याचा सगळा खर्च विकणाऱ्याच्या किमतीतून वजा करा. आणि दुसऱ्याची किंमतही ते म्हणतील ती देऊ नका. तुमच्या फायलीतला सात वर्षांतला सर्वांत कमी दर घ्या, दिवस २८० धरा, त्यातून खलाशी, विमा, स्पेअर आणि डॉक काढा. उरेल त्यातून हप्ता भागत असेल तिथपर्यंतच बोला.

बघायला जाल तेव्हा धक्क्यावरून परत येऊ नका. बॉयलर सूट घाला आणि खाली उतरा. उरणच्या दादांनी सांगितलंय तसं मड टँकचं एक मॅनहोल उघडायला लावा. मग चीफ इंजिनिअरला गाठा, कॅप्टन किंवा ब्रोकर सोबत नसताना, आणि मागच्या वेळी ५०० मीटरच्या आत होता तेव्हा किती जनरेटर चालू होते ते विचारा. नंतर इंजिन लॉग मागा आणि त्या दिवसाचं पान स्वतः वाचा.

बेलापूरची_लेखापाल

शनिवारी जातेय. मालकांनाही सोबत नेते. बॉयलर सूट दोन लागतील.